लिमात पाऊस पाडणारा बेसबॉल

खेळाचं नाव मी लिहिणार नाही. बनवणारा एकटाच माणूस आहे, त्याची कंपनी नाही की दुकान नाही, आणि पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. एकट्या माणसाला चारचौघांत नाव घेऊन झापावं एवढा काही त्याचा गुन्हा नाही. ज्यांना खेळ हवाच असेल ते 'घरी छापायचा, फाशांचा, दक्षिण अमेरिकेचा बेसबॉल' एवढ्यावरून शोधून काढतील.

वस्तू अशी आहे. पैसे भरले की एक फाइल येते. ती आपण छापून आणायची, कापायची आणि तीन फासे घेऊन बसायचं. आत आठ शहरांची लीग आहे: व्हेनेझुएलाची काराकस आणि माराकाइबो, कोलंबियाची बारांकिया आणि कार्ताहेना, ब्राझीलचं साओ पावलो, पेरूचं लिमा, अर्जेंटिनाचं साल्ता आणि बोलिव्हियाचं ला पाझ. अशी लीग पृथ्वीवर कुठेही नाही, ती या माणसाच्या डोक्यात आहे. प्रत्येक संघाची बावीस कार्डं, प्रत्येक मैदानाचं एक पान, हवामानाचा एक तक्ता आणि चोवीस पानी नियम. प्रत्येक संघाने बाकीच्या सातांशी सहा-सहा सामने खेळायचे, म्हणजे एका संघाचे ४२ आणि सगळे मिळून १६८. मी ते १६८च्या १६८ खेळले. आषाढात बसले, ते दिवाळीच्या चिवड्याचा डबा रिकामा झाला तेव्हा उठले. त्यामुळे दोन सामने खेळून पाच तारे देणाऱ्यांपेक्षा माझं थोडं ऐकायला हरकत नसावी.

मी शाळेत पी.टी. शिकवायचे. त्याआधी कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, इथेच अमरावतीला, शॉर्टस्टॉपला. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या त्या जागेवर उभं राहिलं की चेंडू शोधायला जावं लागत नाही, तोच येतो. आता गुडघे म्हणतात बस. पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, त्याने माझ्या वाढदिवसाला ही फाइल पाठवली आणि फोनवर म्हणाला, "मोठी आई, आता बसल्याजागी शॉर्टस्टॉप खेळ." बसल्याजागी म्हणे! पहिले चार दिवस मी झेरॉक्सच्या दुकानात उभीच होते.

फाइल बनवली आहे अमेरिकन मापाच्या कागदासाठी. त्यांचा कागद आपल्या ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि जवळपास पावणेदोन सेंटिमीटर आखूड असतो. हे फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. जसंच्या तसं छापलं तर कडेची अक्षरं जातात, पानात बसवून छापलं तर कार्डं बारकी होतात. तेही चाललं असतं, पण कार्डाच्या मागे खेळाडूचा वेग, हाताचा जोर आणि फिल्डिंगचा आकडा असतो. दुकानातल्या मुलाने पान उलटवलं लांब कडेने, फाइलला हवं होतं आखूड कडेने. तीन-तीन कार्डांच्या ओळी सगळ्या वरच्या खाली झाल्या. काराकसच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पाठीवर लिमाच्या कॅचरचा हात! मुलगा बिचारा म्हणाला, "ताई, पाठपोट जुळत नाही आहे." हे त्याने वीस जाड कागद रंगीत छापून झाल्यावर सांगितलं. त्याचा दोष मी धरत नाही. 'आखूड कडेने उलटा' या तीन शब्दांची एक ओळ फाइलच्या पहिल्या पानावर असती तर माझे बाराशे रुपये वाचले असते. घेणार असाल तर आधी एकच पान छापून उजेडाकडे धरून बघा, मग पुढचं.

आता खेळ. तीन फाशांपैकी एक लाल, दोन पांढरे. लालवर एक ते तीन आलं तर बॅटरच्या कार्डावरचा तो रकाना बघायचा, चार ते सहा आलं तर पिचरच्या कार्डावरचा. पांढऱ्या दोघांची बेरीज म्हणजे ओळ. ही पद्धत जुनी आहे, हॅल रिचमनने १९६१ साली अमेरिकेत 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' काढला तेव्हापासून असले कार्ड-फाशांचे बेसबॉल या रस्त्याने चालत आलेत. गंमत अशी की दोन फाशांची बेरीज सात यायचे सहा मार्ग असतात आणि दोन किंवा बारा यायचा एकेकच. त्यामुळे कार्ड हातात घेतलं की आधी सातची ओळ वाचायची. तिथे 'सिंगल', म्हणजे एका बेसपुरता फटका, असेल तर माणूस कामाचा. होमरन, म्हणजे कुंपणापार जाणारा फटका, दोनच्या ओळीत लिहून ठेवला असेल तर तो नुसता बोलाचा भात. चार-पाच सामन्यांत हे वाचन इतकं अंगवळणी पडतं की कार्ड पाहून माणसाचा स्वभाव कळायला लागतो.

कार्डांवरची नावं लांबलचक आहेत. स्पॅनिशमध्ये माणसाच्या नावामागे बापाचं आडनाव आणि त्याच्यामागे आईचं असतं. आपल्यात बापाचं नाव मधे येतं आणि आईचं कागदावर यायला फार उशीर लागला, तिथे ते आधीपासून शेवटी आहे. स्कोअरशीटच्या चौकटीत ही नावं मावेनात, म्हणून मी सगळ्यांना घरगुती नावं दिली. फर्स्ट बेसवरचा साडेसहा फुटी म्हणजे 'खांब'. एक्केचाळीस वर्षांचा पिचर म्हणजे 'आबा'. बारांकियाचा पहिला बॅटर, चोरून बेस घेणारा, म्हणजे फटका लागायची वाट न बघता पुढच्या बेसवर पळणारा, 'मुंगूस'.

माझा संघ माराकाइबो. निवडला तो उन्हाकडे बघून. व्हेनेझुएलाच्या त्या भागात बारा महिने उकाडा, म्हणजे आमचंच गाव, फक्त शेजारी सरोवर. पण पहिल्या रात्री कार्डं लावताना एक गोष्ट दिसली आणि या बनवणाऱ्याबद्दल माझं मत एकदम बदललं. माराकाइबोच्या शॉर्टस्टॉपचा नंबर १३ होता. काराकसचा शॉर्टस्टॉप काढला, त्याचाही १३. बाकी सहा संघांत तसं काही नाही.

हा योगायोग नाही. व्हेनेझुएलाने अमेरिकेच्या बेसबॉलला शॉर्टस्टॉप पुरवले, एकामागून एक. चिको कारास्केल १९५०मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. १९५६मध्ये त्याची जागा घेतली लुइस आपारिसिओने, तो माराकाइबोचा. अमेरिकन लीगमध्ये सलग नऊ हंगाम सर्वांत जास्त बेस चोरणारा, आणि १९८४मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत, गेलेला पहिला व्हेनेझुएलन. त्यानंतर सिनसिनाटीचा डेव्ह कन्सेप्सिओन, ज्याच्या पाठीवर १३ होता. पुढच्या पोरांनी त्याच्यासाठी तोच नंबर मागून घेतला, ओझी गिलेन त्यातलाच. बनवणाऱ्याने हे नियमांच्या पानात कुठेही सांगितलेलं नाही. कार्डाच्या कोपऱ्यात बारीक आकडा टाकून तो गप्प बसला. ज्याला कळेल त्याला कळेल. मी ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसले होते. माझ्या जर्सीवर ७ होता आणि तो मला कोणी मुद्दाम दिलेला नव्हता, गठ्ठ्यातून निघाला होता.

आपारिसिओच्या बापाची गोष्टही इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. बापसुद्धा शॉर्टस्टॉप, नावही तेच, लुइस. १९५३च्या नोव्हेंबरात माराकाइबोतल्या सामन्यात बाप पहिला बॅटर म्हणून उभा राहिला, एक चेंडू सोडला आणि पोराला आपल्या जागी उभं केलं. तिथून पोराचा खेळ सुरू. आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्यावर पोराला बसवतात तसं.

शहरं निवडतानाही या माणसाने डोकं वापरलं आहे. कोलंबियाची राजधानी बोगोता यादीत नाही. पुतण्याला वाटलं तो विसरला. विसरला नाही, कोलंबियात बेसबॉल राहतो तो कॅरिबियन किनाऱ्यावर, कार्ताहेनाला आणि बारांकियाला. तिथली पोरं कापडाच्या गुंडाळ्याच्या चेंडूने गल्लीत खेळतात, व्हेनेझुएलात बाटलीचं बूच आणि झाडूचा दांडा. बुचाचा फटका मारून बघा एकदा, ते हवेत असं फिरतं की पुढे कुठलाही कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, सोपा वाटावा. अर्जेंटिनातून ब्युनोस आयरेस न घेता साल्ता घेतलं, तेही बरोबर. आणि साओ पावलोच्या बावीस कार्डांत चौदा आडनावं जपानी! १९०८मध्ये 'कासातो मारू' जहाजातून जपानी शेतमजूर ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरले. कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या त्या लोकांनी आणि मागून आलेल्यांनी तिथे बेसबॉल धरून ठेवला. कार्डंही तशीच बनवली आहेत, होमरन कमी, बंट (बॅट नुसती टेकवून चेंडू जवळच टाकणं) भरपूर, चुका जवळजवळ नाहीत. साओ पावलोविरुद्ध खेळणं म्हणजे शिस्तीच्या सासूसमोर पोळ्या लाटणं. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये ब्राझीलमध्ये जन्मलेला पहिला खेळाडू यान गोम्स पोचला तो थेट २०१२ला, आणि तो होता कॅचर. साओ पावलोचं सगळ्यात चांगलं कार्ड कॅचरचं आहे. परत तेच, कोपऱ्यात ठेवून गप्प.

सॉफ्टबॉल खेळलेल्यांसाठी एक इशारा. आपल्याकडे पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये धावणारा आधीच चार पावलं पुढे येऊन उभा असतो, आणि पिचर मधेच वळून त्याला टिपू शकतो. नियमाच्या अकराव्या पानावर हा भाग एका परिच्छेदात गुंडाळला आहे, तीनदा वाचला तरी कळत नाही. पहिल्या दहा सामन्यांत माझ्या संघाने एकही बेस चोरला नाही, कारण मी मनाने अजून साठ फुटांच्या बेसवरच होते. इथे नव्वद असतात. पुतण्याने व्हिडिओ कॉलवर खाटेच्या दोन पायांमध्ये सुपारी सरकवून मला समजावलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. नियमांत चित्र असतं तर सुपारी वाचली असती.

नियमांची भाषा इंग्रजी, पण मधेच स्पॅनिश शब्द फेकलेले. त्यातले काही आता आमच्या घरात राहायला आले आहेत. होमरनला 'होनरॉन', आपण 'इस्टेशन' म्हणतो तसंच. तीन स्ट्राइकवर बाद म्हणजे 'पोंचे'. आणि सगळ्यात भारी, शून्य धावांना व्हेनेझुएलात म्हणतात 'अरेपा'. अरेपा ही मक्याच्या पिठाची गोल जाड भाकरी, स्कोअरबोर्डवरच्या शून्यासारखी दिसणारी. नऊ इनिंगमध्ये काहीच जमलं नाही तर 'नऊ अरेपा'. क्रिकेटमध्ये आपण बॅटरच्या हातात भोपळा देतो, ते भाकरी देतात. कुठेही गेलं तरी शून्य खाण्याच्याच वस्तूत मोजायचं, हे मला फार आवडलं. सप्टेंबरात आबाने लिमाला नऊ अरेपा वाढल्या तो सामना मी स्कोअरशीटसकट जपून ठेवला आहे.

आता बोलायचं ते बोलते.

ला पाझ. बोलिव्हियात बेसबॉलचं नाव फारसं कोणी घेत नाही. पण ते शहर ३६०० मीटरवर आहे, आणि विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून बनवणाऱ्याला मोह झाला असणार. मोहाला माझी ना नाही. नियम असा: ला पाझच्या मैदानावर 'लांब फ्लाय', म्हणजे उंच लांब फटका, आली की एक फासा पुन्हा टाकायचा, एक ते चार आलं तर होमरन. म्हणजे दर तीनातल्या दोन लांब फ्लाय कुंपणापार. वर ला पाझच्या बॅटरांची कार्डं लांब फ्लायने ठासून भरलेली. परिणाम काय झाला ते आकड्यांतच बघा. ला पाझ घरच्या २१ सामन्यांत १७ जिंकलं, आणि बाहेरच्या २१ सामन्यांत फक्त २. घरी वाघ, वेशीबाहेर शेळी. एक सामना काराकसविरुद्ध १९-१६ झाला, दीड तास चालला, स्कोअरशीटचं मागचं पान वापरावं लागलं आणि शेवटी मी फासे टाकायचे म्हणून टाकत होते. होनरॉनची एवढी खिरापत वाटली की त्याची चव जाते.

आणि हे अर्धंच खरं आहे. हवा विरळ झाली की चेंडू नुसता लांब जात नाही, तो वळतही कमी. कर्व्हबॉलवर जगणाऱ्या पिचरचे तिथे हाल. खालून आलेल्या संघाचा श्वास फुलतो. फिफाने २००७मध्ये २५०० मीटरच्या वरच्या मैदानांवर आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यांना बंदी घातली होती, ला पाझवाल्यांनी एवढा गदारोळ केला की पुढच्या वर्षी ती गुंडाळावी लागली. अमेरिकेतलं डेन्व्हर फक्त १६०० मीटरवर आहे, तरी तिथे २००२पासून सामन्याचे चेंडू दमट हवेच्या खोलीत ठेवतात, सुकून टणक होऊन फार उडू नयेत म्हणून. या सगळ्यातून खेळायला किती काही मिळालं असतं! या माणसाने फक्त होमरनचा नळ सोडून दिला. ज्याने शॉर्टस्टॉपच्या पाठीवरचा १३ सोडला नाही, त्याने इथे इतकी ढिलाई करावी याचा मला राग आला, खरंच आला. परक्याने केली असती तर आला नसता.

शेवटी आम्ही घरचा नियम केला. ला पाझच्या मैदानावर पाहुण्या पिचरची ताकद एक इनिंग आधी संपते, कर्व्हबॉलच्या पिचरची दोन इनिंग आधी, आणि होमरन एक ते चारऐवजी फक्त एक किंवा दोनवर. हा नियम निम्मा हंगाम झाल्यावर आला, नाहीतर ला पाझ घरी हरलंच नसतं. घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून लावावा.

दुसरं, लिमा. ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्या बाहेर धो-धो पाऊस चालू असताना, हवामानाच्या तक्त्यावर फासा टाकला तर आलं: 'सामना पावसामुळे रद्द.' मी लिहून मोकळी झाले. चार दिवसांनी परत लिमा, परत रद्द. पुतण्या मोबाइलवर बघत होता, त्याने कुठेतरी वाचलेलं असणार.

"मोठी आई, अवं लिमात पाऊस कायले पाडते तू?"

"मी कायले पाडू बाप्पा, फासा पाडते."

"तिथं पाऊसच पडत नाही ना पण."

खरंच पडत नाही. प्रशांत महासागराचा थंड प्रवाह किनाऱ्याला घासून जातो, हवा खालून थंड राहते, ढग होतात पण पाऊस होत नाही. कोटभर वस्तीचं शहर वाळवंटात उभं आहे आणि वर्षाचा पाऊस इंचभरसुद्धा भरत नाही. हिवाळ्यात नुसतं ओलं धुकं असतं, त्याला ते 'गारुआ' म्हणतात. खेळाचा तक्ता मात्र आठही शहरांना एकच. लिमाला जेवढा पाऊस तेवढाच बारांकियाला. हंगामात लिमाचे पाच सामने पावसात वाहून गेले आणि पुन्हा खेळावे लागले. पाच सामने म्हणजे दोन-सव्वादोन तास मी न पडणाऱ्या पावसापायी घालवले. आणि जिथे खरंच काहीतरी दाखवता आलं असतं तिथे काही नाही. माराकाइबो सरोवराच्या दक्षिण टोकाला, कातातुंबो नदीच्या मुखाशी, जगात सगळ्यात दाट विजा पडतात, वर्षातल्या बहुतेक रात्री. माझ्या घरच्या सामन्यांसाठी विजेचा एक फासा ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

यावर कोणी म्हणेल, बाई, लीगच खोटी, मग पावसाचं काय घेऊन बसलात? अहो, म्हणूनच तर! संघ खोटे, माणसं खोटी, सामने खोटे, अशा वेळी खरं उरतं ते एकच, गाव. काराकस काराकससारखं असलं पाहिजे आणि लिमा लिमासारखं. वारा, उंची, ऊन हेच तर या खेळातले खरे खेळाडू, बाकीचा पुठ्ठा. आणि हे मला शिकवलं कोणी, तर याच बनवणाऱ्याने, बारांकियाच्या पानावर.

बारांकियाचं पान फार सुंदर केलंय. त्या किनाऱ्यावर डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून जोराचे व्यापारी वारे येतात. गावकरी त्याला नुसतं 'ब्रिसा', वारा, म्हणतात. खेळाचं कॅलेंडर ऑक्टोबर ते जानेवारी आहे, तिथल्या खऱ्या हिवाळी लीगही याच सुमाराला चालतात, कारण तेव्हा अमेरिकेतला हंगाम संपून पोरं घरी आलेली असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सामन्यांत बारांकियाचं मैदान साधं. तारीख डिसेंबरची लागली की पानाच्या खालचा एक वेगळा चौकोन उघडायचा. उजव्या बाजूच्या लांब फ्लाय परत आत येतात, इनफिल्डवरचे, म्हणजे बेसांजवळचे, उंच झेल सुटायला लागतात. म्हणजे तेच मैदान, तोच संघ, पण महिना बदलला की वेगळाच खेळ. नागपूरकडच्या माणसाला मे आणि जुलै एकच मैदान नसतं हे सांगावं लागत नाही. हे लिहिणारा त्या वाऱ्यात उभा राहिलेला असणार अशी माझी पक्की खात्री आहे.

साल्ता आणि कार्ताहेनाची पानं ठीक. कार्ताहेना पुतण्याकडे होतं, त्याला विचारा.

लीगचा शेवट असा झाला: बारांकिया २७ विजय, माराकाइबो २५, काराकस २४, साओ पावलो २२, कार्ताहेना २०, ला पाझ १९, लिमा १७, साल्ता १४. वरच्या दोघांत पाच सामन्यांची अंतिम लढत. पुतण्याचं कार्ताहेना पाचवं आलं म्हणून त्याने शेवटी बारांकिया घेतलं, मी हो म्हणायला नको होतं. २-२ झालं. पाचवा सामना बारांकियाला, तारीख जानेवारीची, म्हणजे वारा. फासे टाकणारी मीच, दोन्ही बाजूंचे, तो पुण्यातून मोबाइलवर बघणार आणि दर वेळी "जवळ आण, दिसत नाही" म्हणणार.

नऊ इनिंगला २-२. अकराव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात दोघे बाद, तिन्ही बेस भरलेले, आणि बॅट कोणाची? तेरा नंबरची. आता बेसबॉल जाणणाऱ्याला इथे एडगर रेंतेरिया आठवल्याशिवाय राहत नाही. बारांकियाचाच पोरगा, शॉर्टस्टॉप. १९९७च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना, फ्लोरिडा विरुद्ध क्लीव्हलंड, अकरावी इनिंग, २-२, दोघे बाद, बेस भरलेले, आणि त्याने पिचरच्या डोक्यावरून मधोमध सिंगल मारून मालिका संपवली. सगळं जुळून आलं होतं. फरक एवढाच की रेंतेरियाचं गाव समोरच्या बाजूला होतं.

मी फासे हातात घोळवले, तीनदा फुंकर मारली. लाल दोन, पांढरे चार आणि तीन. सात. बॅटरच्या कार्डाचा दुसरा रकाना, सातवी ओळ: 'लांब फ्लाय, उजवीकडे.' कुठल्याही दुसऱ्या मैदानावर निदान आशा होती. ला पाझला तर दुकान लुटलं असतं! इथे वाऱ्याचा चौकोन उघडला, आणि चेंडू परत आत येऊन उजव्या फिल्डरच्या हातात बसला. खालच्या अर्ध्यात मुंगूस पिचरने चुकीच्या टाकलेल्या चार बॉलवर फुकटात बेसवर गेला, दुसरा बेस चोरला, आणि पुढच्याने इनफिल्डच्या मागे टाकलेल्या एका मरतुकड्या सिंगलवर घरी आला. ३-२. मीच टाकलेल्या फाशांनी मी हरले, त्याच पानावर ज्याची मी इतकी तारीफ केली आहे. पुतण्या ओरडलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "मोठी आई, जेवली का तू?" साडेअकरा झाले होते.

घ्यावा का? सॉफ्टबॉल-बेसबॉलचं स्कोअरशीट भरता येत असेल तर जरूर. ६-४-३ म्हणजे काय हे माहीत नसेल तर आधी ते शिका, खेळ शिकवत नाही. एका सामन्याला पंचवीस मिनिटं लागतात. पूर्ण हंगाम नको असेल तर काराकस, माराकाइबो, बारांकिया, कार्ताहेना या चौघांचीच छोटी लीग लावा, माझ्या मते या खेळाचा जीव तेवढ्यातच आहे. फाइल अकराशेला पडली, छपाई त्याहून महाग, आणि एकदा वाया गेली ती धरली तर दुप्पट. फासे घरचे, सापशिडीतले.

बनवणाऱ्याला मी पत्र लिहिलं होतं, कागदाचं माप, लिमाचा पाऊस आणि ला पाझ, तिन्ही. माझं इंग्रजी शाळेच्या अहवालाचं आहे, पण त्याला कळलं. आठवड्याने हवामानाच्या तक्त्याचं नवं पान आलं, तेही ए-फोरच्या मापात. लिमाच्या ओळीत आता पाऊस नाही, नुसतं 'गारुआ, खेळ चालू' असं लिहिलंय. ते कापून मी जुन्या पानावर खळीने चिकटवलं. ला पाझबद्दल त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही.